बीन बर्गरच्या आत काय असतं?

परदेशात शिकायला गेलेल्या शाकाहारी मराठी मुलामुलींच्या फ्रीझरमध्ये काळ्या घेवड्याच्या पॅटींचं, म्हणजे बीन बर्गरचं, एक पाकीट बहुतेक वेळा असतंच. रात्री उशिरा खोलीवर आल्यावर तव्यावर दहा मिनिटं भाजायची, पावात घालायची, वर कांदा-टोमॅटो, की जेवण झालं. तेच पाकीट शेजारचं अमेरिकन कुटुंबही घेतं, पण वेगळ्या कारणासाठी. त्यांना आठवड्यातलं दोन-तीन वेळचं मांस कमी करायचं असतं आणि त्या जागी काहीतरी हवं असतं. सोय दोघांचीही होते, अपेक्षा मात्र वेगळी असते. बीन बर्गरबद्दल जे उलटसुलट बोललं जातं, ‘मांसासारखा लागत नाही’, ‘भुगा होतो’, ‘प्रथिनं कुठे आहेत’, ते सगळं या दुसऱ्या अपेक्षेतून आलेलं आहे.

माझं म्हणणं असं की बीन बर्गरला नकली मांस समजू नये. ते शिजवलेलं कडधान्य आहे, चकतीच्या आकारात बांधून गोठवलेलं. उसळीला आपण जे प्रश्न विचारतो तेच त्यालाही विचारावेत. कडधान्य किती आहे? नीट शिजलंय का? मीठ-तेल किती पडलंय? या प्रश्नांची उत्तरं पाकिटावर आणि तव्यावर, दोन्हीकडे मिळतात. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

एकाच कपाटातले दोन वेगळे पदार्थ

दुकानातल्या फ्रोझन विभागात बिनमांसाचे बर्गर एका रांगेत मांडलेले असतात, पण त्यात मुळातच वेगळे असे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराला मांसासारखं दिसायचं आणि लागायचं असतं. बियॉण्ड आणि इम्पॉसिबल या दोन कंपन्यांचे बर्गर २०१६ साली बाजारात आले आणि हा प्रकार जगभर गाजला. बियॉण्डमध्ये मुख्यतः वाटाण्यातून वेगळं काढलेलं प्रथिन असतं. इम्पॉसिबलमध्ये सोयाबीनचं प्रथिन असतं आणि त्याच्या जोडीला लेगहिमोग्लोबिन. सोयाबीनच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांत हे लोहयुक्त प्रथिन सापडतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं. कंपनी ते यीस्टकडून तयार करून घेते. बर्गरला लालसर रंग आणि मांसाचा वास त्यातून येतो. या प्रकारात दाणा म्हणून काही शिल्लक राहत नाही, त्यातलं प्रथिन तेवढं उचललेलं असतं.

दुसरा प्रकार बीन बर्गरचा. यात दाणे दिसतात, मक्याचे पिवळे कण दिसतात, ढोबळी मिरचीचे तुकडे दिसतात. मांसाचं सोंग घेण्याचा प्रयत्नच नसतो. बिनमांसाच्या बर्गरांचं मूळ बरंच जुनं आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक इथे डॉ. जॉन हार्वी केलॉग आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी शेंगदाण्यांपासून मांसाला पर्याय तयार करत होते. ते ज्या सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात वाढले, त्यात शाकाहाराला मोठं स्थान आहे. याच पंथाशी नातं असलेली वर्दिंग्टन फूड्स ही कंपनी १९३९ साली ओहायोत सुरू झाली आणि १९७५ मध्ये तिने मॉर्निंगस्टार फार्म्स या नावाने फ्रोझन माल सर्वसाधारण दुकानांत आणला. पुढे १९९९ मध्ये ती कंपनी विकत घेतली केलॉग कंपनीनेच, म्हणजे जॉन हार्वींच्या भावाने काढलेल्या कंपनीने.

मधल्या काळात ऑरेगन राज्यातल्या ग्रेशम गावी पॉल वेनर यांनी आपल्या छोट्या शाकाहारी उपाहारगृहात उरलेला भात आणि भाज्या एकत्र करून पॅटी केल्या. त्यातून गार्डनबर्गर निघाला आणि १९८५ मध्ये त्याची कंपनी झाली. लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी १९८२ साली व्हेजबर्गर आणला. तो सुरुवातीला कोरड्या पिठाच्या रूपात होता. घरी पाणी घालून मळायचं आणि तळायचं. म्हणजे रात्रीच्या उरल्या भातापासून आपण सकाळी कटलेट किंवा थालीपीठ करतो, त्याच विचारातून हा उद्योग उभा राहिला.

घेवडा आणि त्याची तयारी

काळा घेवडा, राजमा, मेक्सिकोतला ठिपक्यांचा पिंटो आणि डबाबंद बेक्ड बीन्समधला पांढरा दाणा ही सगळी एकाच वनस्पतीची रूपं आहेत. शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. मूळ ठिकाण मध्य अमेरिका आणि दक्षिणेतला अँडीज डोंगराचा पट्टा. कोलंबसानंतर हा दाणा युरोपात गेला आणि तिथून व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे आला. साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, अंगावर तांबड्या पट्ट्या असलेला, याच कुळातला. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे अमेरिकेतला ब्लॅक बीन बर्गर आपल्याला वाटतो तितका परका नाही.

या दाण्याची एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण ‘सोय’ म्हणजे काय ते तिच्यात आहे. कच्च्या घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. ते पोटात गेलं तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. अगदी चार-पाच कच्चे दाणेही त्रास देऊ शकतात. भिजवून, ते पाणी ओतून देऊन, ताज्या पाण्यात खळखळ उकळलं की ते निष्प्रभ होतं. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या विजेच्या भांड्यात पाण्याला उकळी येत नाही आणि तिथे दाणा मऊ होऊनही धोका राहतो. परदेशात स्लो कुकर वापरणाऱ्यांनी राजमा आधी गॅसवर चांगला उकळून घ्यावा. आपल्या प्रेशर कुकरमध्ये ही चिंता नाही.

कडधान्याने पोटात वारा धरतो त्याचं कारण वेगळं. त्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या पचवणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जीवाणू त्यांवर ताव मारून वायू सोडतात. भिजवलेलं पाणी फेकलं की त्यातला काही भाग निघून जातो.

आता हिशेब बघा. आदल्या रात्री आठवणीने भिजत घालणं, सकाळी पाणी बदलणं, कुकर लावणं, गार होऊ देणं, मग कुठे पॅटीला सुरुवात. कडधान्य स्वस्त आहे, सकस आहे, पण ते वेळ मागतं. एकट्या राहणाऱ्या, दोन नोकऱ्या करणाऱ्या किंवा घरी लहान मूल असणाऱ्या माणसाकडे नेमका तोच नसतो. कारखान्याने ही वेळखाऊ कामं आधीच उरकलेली असतात. फ्रोझन बीन बर्गरची खरी किंमत मला यात दिसते. ‘पाकिटातलं’ म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी कडधान्य रोज शिजवणाऱ्याचे कष्ट मोजलेले नसतात.

भुगा का होतो

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. मांसाचा खिमा नुसता मीठ घालून थापला तरी त्याची पॅटी होते. मिठामुळे मांसातलं मायोसिन हे प्रथिन विरघळून चिकट होतं आणि तव्याच्या उष्णतेने त्याचं घट्ट जाळं तयार होतं. कडधान्यात असं काही होत नाही.

शिजलेला दाणा बोटांत चिरडून बघा. पिठूळ लागतो, बटाट्यासारखा चिकट लागत नाही. दाणा लाखो सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो आणि प्रत्येक पेशी म्हणजे घट्ट शिवलेलं धान्याचं पोतं. आत स्टार्चचे कण प्रथिनात गच्च रोवलेले आणि बाहेर जाड भिंत. शिजताना या पोत्यांना एकमेकांशी जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. त्यामुळे पोती सुटी होतात, पण फाटत नाहीत. चिकटपणा देणारा स्टार्च आत अडकलेला राहतो. म्हणून घेवड्याचा लगदा सुटसुटीत राहतो आणि पॅटी उलथताना तिचे तुकडे पडतात.

याच रचनेमुळे घेवडा खाल्ल्यावर रक्तातली साखर झपाट्याने चढत नाही. पेशीची भिंत शाबूत असेल तर पचनरसाला स्टार्चपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. बर्गर करणाऱ्यापुढचा पेच इथेच आहे. दाणा मिक्सरमधून गुळगुळीत काढला की पेशी फुटतात, स्टार्च मोकळा होतो, बांधणी चांगली येते. पण मग तोंडात नुसता लगदा येतो आणि तो मंद पचण्याचा फायदाही कमी होतो. म्हणून चांगल्या पॅटीत काही दाणे चिरडलेले आणि काही अख्खे असतात. तिचा एक तुकडा मोडून उजेडात धरलात तर हे सहज दिसतं. काळ्या सालीचे अर्धे-मुर्धे दाणे, मध्ये राखाडी लगदा. सगळीकडे एकसारखी राखाडी खळ दिसली तर दाणा जास्त वाटला गेलाय किंवा कमी घातलाय.

उरलेली बांधणी बाहेरून आणावी लागते. ओट्स, ब्रेडचा चुरा, शिजवलेला तांबडा तांदूळ, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, गव्हातलं ग्लूटेन, अंड्याचा पांढरा बलक यांपैकी दोन-चार गोष्टी हमखास असतात. ओट्स आणि तांदूळ जास्तीचं पाणी शोषून घेतात. ग्लूटेनची ताणली जाणारी जाळी होते. बलक तापला की गोठतो आणि सगळं धरून ठेवतो.

घटकांच्या यादीत आणखी एक नाव दिसतं ज्याने लोक बिचकतात, ते म्हणजे मिथाइलसेल्युलोज. झाडाच्या पेशीभिंतीतल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून हा पदार्थ मिळवतात. त्याचा गुण विलक्षण आहे. जिलेटिन किंवा आगर थंड झाल्यावर गोठतात आणि तापवल्यावर वितळतात. मिथाइलसेल्युलोज उलटं वागतं. थंड असताना तो पातळ चिकट द्रव असतो, साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की त्याची घट्ट जेली होते आणि गार झाला की पुन्हा सैल पडतो. पॅटी तव्यावर असताना तिला नेमका आधार हवा असतो, तेव्हाच तो मिळतो. आपलं शरीर तो पचवत नाही, तो चोथ्यासारखा पुढे जातो. बद्धकोष्ठावरच्या काही औषधांतही तोच वापरतात. तेव्हा त्याला विष समजण्याचं कारण नाही. पण पॅटीत दाणे, तांदूळ, ओट्स यांनी काम भागत असेल तर ती पॅटी मला जास्त आवडते, कारण प्रत्येक जागा पौष्टिक गोष्टीने भरलेली असते.

गोठवणं म्हणजे नुसतं थंड करणं नव्हे

अन्न झपाट्याने गोठवण्याची आजची पद्धत रुजवली क्लॅरेन्स बर्डसाय यांनी. १९१० च्या दशकात ते कॅनडाच्या लॅब्रॅडॉर भागात राहत होते. तिथले इन्युइट लोक बर्फात मासे पकडत आणि कडाक्याच्या थंडीत ते मासे बाहेर काढताच गोठून जात. महिन्यांनी शिजवले तरी ते ताज्यासारखे लागत. बर्डसाय यांच्या लक्षात आलं की खरी करामत वेगाची आहे. त्यांनी अतिथंड धातूच्या पट्ट्यांमध्ये अन्न दाबून गोठवणारं यंत्र तयार केलं आणि १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरात त्यांच्या पद्धतीचं फ्रोझन अन्न दुकानांत विकायला आलं.

वेगाला इतकं महत्त्व का? पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. हळू गोठलं तर थोडेच पण मोठे, टोकदार स्फटिक तयार होतात आणि ते पेशी फाडतात. भरभर गोठलं तर असंख्य बारीक स्फटिक होतात आणि इजा कमी होते. यातला कसोटीचा टप्पा असतो उणे १ ते उणे ५ अंशांचा, कारण बहुतेक पाणी तिथेच बर्फ होतं. कारखान्यात उणे ३० ते उणे ४० अंशांच्या वाऱ्याच्या झोतातून पॅटी नेतात आणि हा टप्पा काही मिनिटांत ओलांडला जातो. घरच्या फ्रीझरला तेच करायला कित्येक तास लागतात.

बीन बर्गरला एक नैसर्गिक सवलत आहे. कच्च्या भाजीचा कुरकुरीतपणा पेशींच्या ताठपणावर असतो, म्हणून ती गोठवली की मरगळते. घेवडा आधीच शिजून मऊ झालेला असतो, त्याला गमावण्यासारखं फारसं नसतं. खरी अडचण येते स्टार्चची. शिजलेला स्टार्च थंडीत पुन्हा आवळतो आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतो. म्हणून काही कंपन्या गोठवण्याला तोंड देऊ शकेल असा बदललेला स्टार्च वापरतात आणि यादीत तो ‘मॉडिफाइड स्टार्च’ म्हणून दिसतो.

उणे १८ अंशांना जीवाणूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. वितळल्यावर पुन्हा कामाला लागतात. तेलाचा खवटपणाही हळूहळू वाढत राहतो. पाकीट उघडं राहिलं तर पॅटीवरचा बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो आणि कडेला पांढरट, कोरडे, भुसभुशीत डाग पडतात. ते खाऊन अपाय होत नाही, पण चव गेलेली असते. दुकानात पाकीट घेताना ते हलवून बघावं. पॅटी सुट्या वाजल्या तर ठीक. एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला असेल किंवा आत बर्फाचा भुगा साठला असेल, तर तो माल वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे. तसं पाकीट परत ठेवावं.

आपल्याकडे वीज जाते तेव्हा फ्रीझरचं दार उघडून बघायचा मोह टाळावा. गच्च भरलेला फ्रीझर दार बंद ठेवल्यास साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. पॅटीत अजून बर्फाचे कण असतील तर ती पुन्हा गोठवता येते, फक्त थोडी ओलसर होते. पूर्ण मऊ पडून उबदार झाली असेल तर मात्र टाकून द्यावी.

तव्यावर

पाकिटावर ‘वितळवू नका, गोठलेलीच भाजा’ असं लिहिलेलं असतं आणि त्याला कारण आहे. बाहेर काढून ठेवली की बर्फाचं पाणी होतं, ते लगद्यात मुरतं, कडा ढिल्या होतात आणि उलथण्याला चिकटून पॅटी मोडते. गोठलेली पॅटी तव्यावर टाकली तर बाहेरची बाजू आधी सुकते, कवच धरते आणि आतला भाग मऊ होईपर्यंत ते कवच तिला सांभाळतं.

बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर तापवून चमचाभर तेल पसरा आणि पॅटी ठेवा. सुरुवातीला चरचर जोरात होते, वाफ निघते. ते पृष्ठभागावरचं पाणी. पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि रंग येत नाही. चरचर खाली बसली आणि खमंग वास सुटला की समजायचं, कवच धरायला लागलं. साखर आणि प्रथिन यांच्यातली ही तांबूस करणारी क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. तोवर पॅटीला हात लावू नका, दाबू तर अजिबात नका. कवच तयार झालं की ती स्वतःहून तव्यापासून सुटते. एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग दुसरी बाजू. शेवटी दोन मिनिटं झाकण ठेवलं तर मध्यभागही कढत होतो. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश दिसले पाहिजेत.

मायक्रोवेव्हमध्ये हे कवच येतच नाही. आतलं पाणी तापून वाफ बाहेर येते आणि पॅटी सगळीकडून ओली राहते. ‘बीन बर्गर बेचव असतो’ म्हणणाऱ्या पुष्कळांनी तो फक्त मायक्रोवेव्हमधला खाल्लेला असतो. घाई असेल तर एक मिनिट मायक्रोवेव्ह आणि मग तवा, ही तडजोड चालते.

मांसाची जागा भरून निघते का?

इथे आकडे स्पष्ट सांगायला हवेत. १०० ग्रॅम शिजवलेल्या काळ्या घेवड्यात सुमारे ९ ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. पॅटीत त्याच्या जोडीला तांदूळ, मका, कांदा येतो. त्यामुळे दाण्यांच्या पॅटीत साधारण ५ ते १० ग्रॅम प्रथिनं मिळतात, वरच्या टोकाला बहुधा वरून सोया किंवा गव्हाचं प्रथिन घातल्यामुळे. अमेरिकेत बीफच्या नेहमीच्या पाव पौंडी पॅटीत हाच आकडा १९-२० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एकास एक बदल केला तर प्रथिनं निम्मी किंवा त्याहूनही कमी होतात. दुसऱ्या बाजूला, मांसात चोथा शून्य असतो आणि बीन पॅटीत तो चांगला चार-पाच ग्रॅमपर्यंत मिळतो. रोजच्या जेवणात डाळ, दही, दूध, उसळ असेल तर प्रथिनांची ही तूट सहज भरते. पण जो माणूस मांस सोडून फक्त पाव आणि ही पॅटी खाईल, त्याला कमी पडेल.

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांतलं मेथिओनिन घेवड्यात कमी असतं आणि लायसिन गव्हात कमी असतं. पाव आणि पॅटी एकमेकांची उणीव भरतात, जशी आपल्याकडे डाळ आणि भात भरतात. दोन्ही एकाच घासात यायला हवं असंही नाही, दिवसभरात मिळालं तरी पुरतं. कडधान्यातलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, म्हणून वर लिंबू पिळावं किंवा टोमॅटोची जाड चकती ठेवावी. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. बी-१२ मात्र कुठल्याच कडधान्यात नसतं. दूध-दही आणि अंडी दोन्ही न खाणाऱ्यांनी ते गोळीतून किंवा वरून बी-१२ घातलेल्या पदार्थातून घ्यायलाच हवं.

मिठाकडे लक्ष हवंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे २ ग्रॅम सोडियम. अमेरिकेत आणि भारतात पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. एका पॅटीत ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते एक ग्रॅम मीठ झालं, दिवसाच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा. त्यात पाव, चीज आणि सॉस यांची भर पडते.

पर्यावरणाच्या बाबतीत मात्र घेवडा फार पुढे आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जगभरच्या हजारो शेतांचा अभ्यास मांडला. मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या बीफमधून १०० ग्रॅम प्रथिन मिळवताना सरासरी सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात. कडधान्यांसाठी हा आकडा एक किलोच्याही खाली आहे. गोठवायला आणि थंड ठेवायला वीज लागते हे खरं, पण इतकी मोठी दरी तिने भरून निघत नाही. शिवाय फ्रोझन पॅटी लागेल तेवढीच काढली जाते, वाया जात नाही. मांस कमी करू पाहणाऱ्या कुटुंबाने आठवड्यातला एक बीफ बर्गर बीन बर्गरने बदलला तरी त्याचा खरोखर उपयोग होतो, असं मला मनापासून वाटतं.

पाकीट उलटं करून वाचा

पुढच्या बाजूचं चित्र बाजूला ठेवा. अमेरिका, युरोप आणि भारत, सगळीकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे. पाण्यामागोमाग लगेच घेवडा आला तर ठीक. तांदूळ, मका, ब्रेडचा चुरा आधी आणि घेवडा पाचव्या क्रमांकावर असेल तर नाव बीनचं आणि माल धान्याचा. ब्रिटनमध्ये आणि युरोपात आणखी एक सोय आहे. ज्या घटकाचं नाव पदार्थाच्या नावात आहे, त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. दोन पाकिटं शेजारी धरली की तुलना क्षणात होते.

आपल्या लोकांसाठी दुसरी महत्त्वाची गोष्ट अंड्याची. भारतात हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका कायद्याने ठरलेला आहे आणि अंडं असलेल्या पदार्थावर तो लावता येत नाही. अमेरिकेत असं चिन्ह नाही आणि ‘व्हेजिटेरियन’ म्हणताना तिथे अंडी-दूध धरलेलंच असतं. बऱ्याच बीन पॅटीत बांधणीसाठी अंड्याचा पांढरा बलक असतो. चीज असेल तर ते प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातल्या विकराने, विरजलेलं असू शकतं. अंडं नको असेल तर ‘व्हीगन’, म्हणजे दूध-अंड्यासकट कुठलाच प्राणिज पदार्थ नसलेलं, असं लिहिलेलं पाकीट घ्यावं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र यादीच वाचावी लागते, कारण तो जवळजवळ प्रत्येकात असतो.

भारतात उलटी काळजी घ्यावी लागते. इथे हिरवा ठिपका आहे, पण ‘व्हेज बर्गर पॅटी’ म्हणून जे फ्रोझन मिळतं त्यात बहुतेक वेळा पहिला घटक बटाटा असतो. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं आणि पुढे आलू टिक्कीचा बर्गर इथल्या बाजाराचा नमुना होऊन बसला. ती पॅटी चवीला छान असते, पण बटाट्यात प्रथिनं १०० ग्रॅमला दोनच ग्रॅमच्या आसपास. मुलांच्या डब्यात प्रथिनं जावीत म्हणून ती देत असाल तर उपयोग नाही. राजमा, चणा किंवा सोया पहिल्या दोन-तीन घटकांत आहे का ते बघा. नसेल तर घरी करून गोठवणं हाच चांगला मार्ग.

वाघ्या घेवडा किंवा राजमा रात्रभर भिजवून शिजवा. दाणा बोटाने दबला पाहिजे, पण फुटून खीर होता कामा नये. पाणी पूर्ण निथळून तो रुंद कढईत कोरडाच, साल थोडी चिरेपर्यंत परता. घरच्या पॅटी मोडतात त्या मुख्यतः जास्तीच्या पाण्याने, म्हणून ही पायरी गाळू नका. निम्मे दाणे चिरडा, निम्मे ठेवा. भाजून भरडलेले पोहे किंवा ओट्स, चांगला परतलेला कांदा, आलं-लसूण-मिरची, मीठ आणि दोन चमचे बेसन घालून अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे पोहे ओल शोषतील. पॅटी बोटाच्या जाडीहून पातळ थापा, कारण पातळ पॅटी लवकर गोठते. थोड्या तेलावर दोन्ही बाजू भाजून पूर्ण गार करा. मग स्टीलच्या ताटात एकमेकींना न टेकवता फ्रीझरमध्ये ठेवा. धातूतून थंडी लवकर पोहोचते. रात्रभरात त्या दगडासारख्या घट्ट झाल्या की मध्ये बटर पेपर घालून, हवा काढून पिशवीत भरा, वर तारीख लिहा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.